दुधाचा मालक शेतकरीच! अमूलचा पाया घालणारे त्रिभुवनदास पटेल

अमूल म्हटलं की ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली मुलगी डोळ्यासमोर येते. जाणत्या माणसांना डॉ. वर्गीस कुरियन आठवतात. पण ज्या माणसानं कुरियन यांना आणंदमध्ये थांबवून घेतलं, ज्यानं त्यांच्या आधी चार वर्षं गावोगाव फिरून दूध उत्पादकांना एकत्र आणलं, त्या त्रिभुवनदास किशीभाई पटेल यांचं नाव आपल्याकडं फारसं कुणी घेत नाही. २०२५ साली केंद्र सरकारनं आणंदमध्ये राष्ट्रीय सहकारी विद्यापीठ स्थापन केलं आणि त्याला त्रिभुवन यांचं नाव दिलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

ज्याच्या दावणीला एक जरी म्हैस आहे, त्यानं या माणसाची गोष्ट माहीत करून घ्यायला हवी. कारण आज आपण डेअरीवर जातो, फॅट बघतो, पावती घेतो आणि दहा-पंधरा दिवसांनी बिल उचलतो, या सगळ्या पद्धतीचं मूळ त्यांच्या कामात आहे.

शेतकऱ्याचं घर, सत्याग्रहाचं वारं

त्रिभुवनदासांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०३ रोजी गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात आणंद इथं झाला. हा भाग चरोतर म्हणून ओळखला जातो. जमीन काळजीनं कसणारी पाटीदार शेतकऱ्यांची वस्ती, तंबाखूचं पीक आणि घरोघरी म्हशी. तेव्हा गुजरात वेगळं राज्य नव्हतं. खेडा जिल्हा मुंबई प्रांतातच होता. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होईपर्यंत आपला आणि त्यांचा कारभार मुंबईतूनच चालायचा. ही गोष्ट पुढं महत्त्वाची ठरणार आहे.

त्रिभुवनदास चौदा-पंधरा वर्षांचे असताना, १९१८ मध्ये, त्यांच्याच जिल्ह्यात शेतसाऱ्याच्या प्रश्नावर खेडा सत्याग्रह झाला. पीक बुडालं असताना सरकार सारा मागत होतं. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल गावागावांत फिरले. एकटा शेतकरी सरकारपुढं टिकत नाही, पण गाव एक झालं तर सरकारला ऐकावं लागतं, हे त्या जिल्ह्यानं तेव्हाच पाहिलं होतं.

पुढं त्रिभुवनदास गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात शिकले आणि चळवळीत उतरले. १९३०, १९३५ आणि १९४२ अशा तीन वेळा त्यांना तुरुंगवास झाला. तिसऱ्या वेळी त्यांचं वय चाळिशीला आलं होतं. खादीचे कपडे, साधं राहणं आणि गावात ओळखीचं नाव, एवढीच त्यांची शिदोरी होती. दुधाच्या धंद्याचं शिक्षण त्यांनी कधी घेतलं नव्हतं. पण त्यांच्या शब्दावर माणसं विश्वास ठेवत होती, आणि पुढं हेच भांडवल कामाला आलं.

मुंबईला दूध हवं होतं, पण भाव कोण ठरवणार?

कांदा चाळीत ठेवता येतो. सोयाबीनची पोती घरात थप्पी लावून चार महिने थांबता येतं. दुधाला हा मार्ग नाही. सकाळची धार संध्याकाळपर्यंत ठेवली तर उन्हाळ्यात ती फाटते. त्यामुळं दूध विकणारा नेहमी घाईत असतो आणि घेणारा निवांत असतो. सगळी मेख इथंच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत दुधाची टंचाई होती. गोठे शहरातच, दूध महाग आणि भेसळीचं. तेव्हाच्या मुंबई सरकारनं १९४५ मध्ये बॉम्बे मिल्क स्कीम सुरू केली. बाहेरून चांगलं दूध आणून शहरात वाटायचं, अशी ती योजना. दूध आणायचं कुठून, तर सव्वाचारशे किलोमीटरवरच्या आणंदहून, आणि तेही रेल्वेनं.

आणंदला पोल्सन कंपनीची डेअरी आधीपासून होती. पोल्सनचं लोणी त्या काळी घराघरांत प्रसिद्ध होतं. सरकारनं दूध गोळा करून, तापवून-थंड करून मुंबईला पाठवायचं काम पोल्सनला दिलं. आसपासच्या गावांतलं दूध दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही, असा हक्कही त्या कंपनीकडं आला.

कंपनी गावात थेट येत नव्हती. मधे ठेकेदार आणि दलाल होते. मुंबईत दुधाला पैसे मिळत होते, पण म्हशीच्या मालकापर्यंत येता येता ते आटत होते. दूध जास्त झालं की भाव पाडायचा. वाटेत नासलं तर तोटा शेतकऱ्याच्या माथी. माप ठेकेदाराचं, भाव ठेकेदाराचा आणि नाही म्हणायची सोय नाही. ज्यानं शेण काढलं, वैरण घातली, पहाटे उठून धार काढली, त्याच्या हाती सगळ्यात कमी पैसे पडत होते.

पंधरा दिवस एक थेंबही नाही

खेड्याचे शेतकरी गाऱ्हाणं घेऊन वल्लभभाईंकडं गेले. सरदारांनी सरळ उपाय सुचवला. ठेकेदार बदलून काही होणार नाही. दूध गोळा करणं, तापवणं आणि विकणं हे सगळं शेतकऱ्यांनी स्वतःच्या संस्थेमार्फत करावं. सरकारनं ते घ्यायला नकार दिला तर दूध द्यायचं बंद करावं. त्यात तोटा होईल, तो सोसायची तयारी आहे का, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं. शेतकऱ्यांनी तयारी दाखवली.

सरदारांनी मोरारजी देसाई यांना खेडा जिल्ह्यात पाठवलं. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावात सभा झाली. गावोगाव दूध उत्पादकांच्या सहकारी संस्था काढायच्या, त्या सगळ्यांचा मिळून जिल्ह्याचा एक संघ करायचा आणि सरकारनं दूध त्या संघाकडूनच घ्यायचं, असं ठरलं. तसं होईपर्यंत कुठल्याही ठेकेदाराला दूध घालायचं नाही. गावागावांत संस्था उभ्या करायची जबाबदारी त्रिभुवनदासांवर आली.

सरकारनं मागणी मान्य केली नाही आणि संप सुरू झाला. पंधरा दिवस खेडा जिल्ह्यातून व्यापाऱ्याला दूध गेलं नाही. मुंबईची योजना लंगडी पडली.

पंधरा दिवस हा शब्द वाचायला सोपा आहे. ज्याच्या घरी दोन म्हशी आहेत त्यानं हिशोब करून पाहावा. जनावर संप जाणत नाही. त्याला वैरण रोज लागते, पेंड रोज लागते, धार दोन्ही वेळा काढावीच लागते. रोजचा पैसा मात्र बंद. शेजाऱ्यानं गुपचूप दूध घातलं तर आपलं सगळं वाया जाणार, ही धास्ती वेगळी. अशा वेळी गाव धरून ठेवायला भाषण पुरत नाही. रोज ज्याचं तोंड दिसतं आणि ज्याचा शब्द खोटा होत नाही असा माणूस लागतो. तीनदा तुरुंगात जाऊन आलेल्या त्रिभुवनदासांकडं ती ताकद होती.

शेवटी मुंबई सरकारचा इंग्रज दूध आयुक्त आपल्या सहकाऱ्याला घेऊन आणंदला आला. त्यानं परिस्थिती पाहिली आणि शेतकऱ्यांची मागणी मान्य झाली. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास त्याचे अध्यक्ष झाले.

दोन संस्था, अडीचशे लिटर

संप जिंकणं एक आणि रोज दूध वेळेवर पोचवणं दुसरं. पहिलं काम पंधरा दिवसांचं, दुसरं जन्मभराचं. नोंदणी झाल्यावरही दूध सुरू व्हायला दीड वर्ष गेलं. या काळात त्रिभुवनदास गावोगाव फिरत राहिले. संस्था म्हणजे काय, सभासद कोण होणार, दूध मोजणार कोण, पैसे कधी मिळणार, या प्रश्नांची उत्तरं ते पारावर बसून देत राहिले.

१ जून १९४८ रोजी संघानं मुंबई योजनेसाठी दूध तापवून पाठवायला सुरुवात केली. तेव्हा गावच्या संस्था होत्या दोन आणि रोजचं दूध होतं अडीचशे लिटरच्या आसपास. आज आपल्याकडं एखाद्या मध्यम गावच्या डेअरीवर एका वेळेला एवढं दूध जमतं. त्या वर्षाच्या अखेरीला सभासद झाले ४३२ आणि दूध गेलं रोज पाच हजार लिटरवर.

पद्धत साधी होती, पण एकेक गोष्ट विचार करून ठरवलेली. सकाळ-संध्याकाळ गावच्या संस्थेत दूध घालायचं. तिथंच सगळ्यांसमोर मापायचं, फॅट काढायचं आणि फॅटप्रमाणं पैसे द्यायचे. त्यामुळं पाणी घालून फायदा उरला नाही. सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी आणि संध्याकाळच्या दुधाचे दुसऱ्या दिवशी सकाळी हातात. ज्याच्या घरी रोजचं मीठ-मिरची रोज आणावं लागतं, त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती.

रांगेत जात पाहिली जात नव्हती. जो आधी येईल तो पुढं उभा राहील. पाटीदाराच्या मागं दलित उभा आणि दलिताच्या मागं पाटीदार, आणि सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये. १९४८ सालच्या खेड्यात ही गोष्ट लहान नव्हती. अस्पृश्यता निवारणाचं काम केलेल्या गांधीवादी माणसाच्या हाताखाली संघ वाढत होता, त्याचा हा परिणाम.

गावच्या संस्थेची कमिटी सभासदांनी निवडायची. संस्थांच्या अध्यक्षांमधून संघाचं संचालक मंडळ निवडायचं. म्हणजे दूध खालून वर जाणार आणि पैसा वरून खाली येणार, आणि या वाटेत मालक एकच, म्हशीचा मालक. पुढं यालाच देशभर आणंद पॅटर्न म्हणू लागले.

परक्या मुलखातला इंजिनिअर

संघाकडं स्वतःचा कारखाना नव्हता. आणंदच्या सरकारी क्रीमरीतली जुनी यंत्रं भाड्यानं घेऊन काम चालायचं. ती सारखी बंद पडायची. दूध तापवायचं यंत्र बिघडलं की दूध नासायचं, आणि नासलेलं दूध मुंबईहून परत यायचं.

त्याच सरकारी क्रीमरीत मे १९४९ मध्ये एक तरुण नोकरीला आला होता. केरळचा, ख्रिश्चन, अमेरिकेत शिकून आलेला. सरकारी शिष्यवृत्तीच्या करारामुळं त्याला आणंदला यावं लागलं होतं आणि इथून कधी एकदा सुटतो असं त्याला झालं होतं. गुजराती येत नव्हतं, राहायला धड जागा नव्हती, एका गॅरेजात बिऱ्हाड होतं. हेच वर्गीस कुरियन.

संघाची यंत्रं बिघडली की त्रिभुवनदास त्यांच्याकडं जायचे. कुरियन दुरुस्त करून द्यायचे. शेवटी कुरियन यांनी स्पष्ट सांगितलं की ही यंत्रं मोडीत काढा आणि नवीन आणा. संघाच्या तिजोरीत तेवढे पैसे नव्हते. त्रिभुवनदासांनी नातेवाइकाकडून उसने घेतले आणि लार्सन अँड टुब्रो कंपनीकडून नवीन पाश्चरायझर आणायची व्यवस्था केली. शेतकऱ्यांच्या संघासाठी स्वतःच्या नात्यातून पैसे उभे करणारा चेअरमन, ही एकच गोष्ट त्या माणसाची पारख करायला पुरे आहे.

कुरियन यांची सरकारी नोकरीतून सुटका झाली तेव्हा त्यांनी सामान बांधलं होतं. नवीन यंत्र बसेपर्यंत थोडे दिवस थांबा, असा आग्रह त्रिभुवनदासांनी धरला. ते थांबले आणि १ जानेवारी १९५० पासून संघाचे व्यवस्थापक झाले. थोड्या दिवसांसाठी थांबलेला तो माणूस पुढं आयुष्यभर आणंदचाच झाला.

इथं त्रिभुवनदासांचं खरं मोठेपण दिसतं. जिल्ह्यात आपल्या जातीची, आपल्या पक्षाची, आपल्या नात्यातली माणसं कमी नव्हती. तरी त्यांनी काम जाणणारा परका माणूस निवडला. आणि एकदा निवडल्यावर त्याच्या कामात हात घातला नाही. कुणाला नोकरीला लावायचं, कुठलं यंत्र घ्यायचं, दूध कसं पाठवायचं, हे कुरियन यांनी ठरवायचं. गावांना सांभाळायचं, राजकारण दारात अडवायचं आणि शेतकऱ्याचा विश्वास टिकवायचा, हे त्रिभुवनदासांनी करायचं. चेअरमनची चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला तिथं थारा नव्हता. एकानं गाव धरलं आणि दुसऱ्यानं कारखाना. दोघांनी एकमेकांच्या हद्दीत पाय टाकला नाही.

हिवाळ्यातलं दूध कुठं न्यायचं?

चांगली सुरुवात झाली आणि नवीनच अडचण उभी राहिली. दुभतं जनावर सांभाळणाऱ्याला ती लगेच कळेल. म्हशी पावसाळ्यानंतर वितात. हिवाळ्यात हिरवा चारा असतो, दूध उन्हाळ्याच्या दुपटीच्याही वर जातं. पण मुंबईचा माणूस हिवाळ्यात दुप्पट चहा पीत नाही. मुंबई योजना ठरलेलं दूध घ्यायची आणि बाकीचं नाकारायची. म्हणजे सभासद वाढवले तरी हिवाळ्यात त्यांचं दूध पडून राहणार, आणि संस्थेनं दूध परत केलं तर सभासद पुन्हा ठेकेदाराच्या दारात जाणार.

उपाय एकच होता. जास्तीच्या दुधाचं लोणी आणि पावडर करायची, आणि उन्हाळ्यात ती विकायची. पण म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशातले जाणकार सांगत होते. त्यांच्याकडं दूध गाईचं, त्यामुळं तशी गरजच त्यांना पडली नव्हती. कुरियन यांचे अमेरिकेतल्या शिक्षणापासूनचे मित्र हरिचंद दलाया आणंदला आले होते. त्यांनी प्रयोग करून म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली.

मग मोठ्या कारखान्याची तयारी सुरू झाली. युनिसेफनं यंत्रं दिली, त्या बदल्यात संघानं जिल्ह्यातल्या गरीब मुलांना मोफत दूध वाटायचं कबूल केलं. न्यूझीलंडनंही मदत केली. १५ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पायाभरणी केली आणि वर्षाच्या आत, ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, सरदारांच्या जयंतीच्या दिवशी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते कारखाना सुरू झाला. सरदार तेव्हा हयात नव्हते. त्यांनी सुचवलेली गोष्ट मात्र उभी राहिली होती.

१९५७ मध्ये अमूल हे नाव नोंदवलं गेलं. अमूल्य या शब्दावरून ते आलं. ज्या पोल्सनच्या लोण्याशिवाय पाव गोड लागत नाही असं शहरातल्या लोकांना वाटायचं, त्या लोण्याची जागा काही वर्षांत शेतकऱ्यांच्या लोण्यानं घेतली.

त्रिभुवनदासांच्या काळातच जनावराकडंही लक्ष दिलं गेलं. दूध वाढवायचं तर म्हैस धडधाकट हवी. संघानं फिरते पशुवैद्य ठेवले, कृत्रिम रेतनाची सोय गावात आणली आणि कंजरी इथं पशुखाद्याचा कारखाना काढला. ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री त्याच्या उद्घाटनाला आले. आदल्या रात्री ते अजरपुरा गावात एका शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला राहिले. ही डेअरी इतकी चांगली का चालते, हे त्यांना गावकऱ्यांकडूनच समजून घ्यायचं होतं. माती, पाऊस आणि म्हशी इतर भागांसारख्याच होत्या. फरक एवढाच होता की डेअरी शेतकऱ्यांच्या मालकीची होती. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, हीच पद्धत देशभर नेण्यासाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालं आणि त्याचं मुख्य कार्यालय दिल्लीऐवजी आणंदला ठेवलं.

मान मिळाला, तोही वाटून

१९६३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार तिघांना मिळून देण्यात आला. त्रिभुवनदास, कुरियन आणि मुंबईचे दूध आयुक्त राहिलेले दारा खुरोडी. खुरोडींनी मुंबईतले गोठे शहराबाहेर नेऊन गोरेगावला आरे कॉलनी उभी केली होती. दूध विकणारा संघ आणि दूध घेणारी योजना यांच्यात बराच काळ खटके उडत होते. पण गावातलं दूध शहरातल्या दारापर्यंत नेण्यात दोन्ही टोकांची मेहनत होती, हे पुरस्कारानं मान्य केलं. पुढच्या वर्षी त्रिभुवनदासांना पद्मभूषण मिळालं. १९६७ ते १९७४ या काळात ते राज्यसभेवर होते, गुजरात प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. पण पक्षाचं राजकारण त्यांनी डेअरीच्या आत आणलं नाही.

याच काळात आपल्याकडंही हे वारं पोचलं. कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजे आजचा गोकुळ, १९६३ सालीच स्थापन झाला. १९७० पासून दुधाचा महापूर योजना सुरू झाली आणि मुंबईसह चार महानगरं दूध पिकवणाऱ्या जिल्ह्यांशी जोडली गेली. १९९८ मध्ये भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला. तो दिवस पाहायला त्रिभुवनदास नव्हते.

खुर्ची सोडली, आणि मिळालेले पैसेही

पंचवीसेक वर्षं अध्यक्ष राहिल्यावर १९७० नंतरच्या काही वर्षांतच त्यांनी स्वतःहून पद सोडलं. कुणी पाडलं नाही, कोर्टकचेरी झाली नाही. सभासदांनी एक-एक रुपया काढून त्यांना थैली दिली. ती सहा लाखांच्या आसपास भरली. एक रुपया देणारे एवढे हात, हा त्यांच्या कामाचा ताळेबंद होता.

ते पैसे त्यांनी घरी नेले नाहीत. त्यातून १९७५ मध्ये त्रिभुवनदास फाउंडेशन उभं राहिलं. त्यामागं एक बोचणारी गोष्ट होती. गावात म्हैस आजारी पडली तर संघाचा डॉक्टर गाडी घेऊन दारात यायचा. पण त्याच घरात बाळंतीण अडली, तान्हं मूल तापानं फणफणलं, तर यायला कुणी नव्हतं. म्हशीची सोय झाली आणि म्हशीची धार काढणारी बाई तशीच राहिली. शेण, पाणी, वैरण, धार ही सगळी कामं बायांची, तरी संस्थेच्या वहीत नाव बहुतेक वेळा पुरुषाचं. सहकाराची ही बाजू लंगडी होती.

फाउंडेशननं गावच्या दूध संस्थेच्याच आधारानं आरोग्याचं काम सुरू केलं. गावातलीच एखादी बाई शिकवून तयार करायची. तिनं घरोघर जायचं, गरोदर बाईची आणि लहान मुलांची काळजी घ्यायची. दुधाची वाट तयार होतीच, त्याच वाटेनं औषध गावात गेलं.

३ जून १९९४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्रिभुवनदासांचं निधन झालं. दोन संस्था आणि अडीचशे लिटरवर सुरू झालेलं काम आज गुजरातमधल्या छत्तीस लाखांच्या आसपास दूध उत्पादकांपर्यंत पोचलं आहे.

आपल्या डेअरीवर उभं राहून

त्रिभुवनदासांनी शोध कुठला लावला नाही. यंत्र कुरियन यांनी चालवलं, पावडर दलायांनी केली, वाट सरदारांनी दाखवली. त्यांनी केलं ते एवढंच, की या सगळ्यांच्या आणि शेतकऱ्याच्या मधे विश्वासाचा माणूस म्हणून उभे राहिले, आणि काम झाल्यावर बाजूला झाले. पण तेवढं नसतं तर बाकीचं काहीच टिकलं नसतं. यंत्र पैसे देऊन आणता येतं. पंधरा दिवस दूध रोखून धरणारं गाव विकत मिळत नाही.

आज आपल्याकडं गावोगाव काटे आहेत, फॅटची मशिन आहेत, बल्क कूलर आहेत, मोबाईलवर मेसेज येतो. तरी दुधाचे भाव पडले की तोच जुना प्रश्न समोर येतो. माप कुणाच्या हातात आहे? भाव ठरवताना आपला माणूस तिथं बसतो का? संस्थेच्या सभेला आपण जातो, की सही करून मोकळे होतो? निवडून दिलेला चेअरमन कामाची माणसं नेमतो, की आपली? घरातली बाई धार काढते, तर सभासद म्हणून तिचं नाव लागलं आहे का?

खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हे प्रश्न १९४६ साली विचारले. त्यांच्याकडं शिक्षण कमी होतं, पैसा त्याहून कमी होता. एक भरवशाचा माणूस होता आणि त्याच्या मागं जायची हिंमत होती. येत्या वार्षिक सभेला दूध संस्थेत जाल तेव्हा हिशोबाची वही उघडून बघा. त्रिभुवनदासांना याहून चांगलं अभिवादन दुसरं नाही.